अर्धं पान कोरं

३ मार्च

चि. बुटक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कागद काय फुकट येतो का रे? डावीकडचं अर्धं पान कोरं सोडून सगळं उजवीकडे कोंबलंयस. सूनबाईचंही पत्र आलं. म्हणते, तू ताटातलं अर्धंच जेवतोस आणि वर कमी वाढलं म्हणून भांडतोस. चौकटीला खांदा आपटतोस. दवाखान्यात नेऊ का, विचारते. मी तिला स्पष्ट कळवलंय, चाळीस वर्षं लोकांच्या दाढ्या केलेल्या माणसाला जरा चक्कर आली म्हणून आठ दिवस घरात डांबलं की तो असाच चिडचिडा होणार. नखरे पुरेत. सलून उघड. वस्तरा काय, माणूस काय, पडून राहिला की गंजतो.

तब्येतीला जप, पण फार नको.

तुझी ताई

९ मार्च

ती. आत्याबाईंना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र बाबांना मीच वाचून दाखवलं. ते स्वतः वाचतात तेव्हा ओळीचा डावा भाग सोडून देतात, आणि ताईला धड लिहिता येत नाही म्हणून हसतात. तुमचा निरोप ऐकून त्यांनी लगेच सलून उघडलं.

आधी पोस्टमन आला. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर साबण तसाच, आणि बाबांनी टॉवेल झटकून झालं म्हणून सांगितलं. तो थट्टा समजून हसत गेला. मग बेकरीवाले काका बसले. मान साफ करताना वस्तरा त्यांच्या डाव्या कानात गेला, आत्याबाई. सहा टाके पडले. काका ओरडत होते आणि बाबा शांतपणे उजवा कल्ला सारखा करत होते.

डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या उजव्या बाजूची रक्तवाहिनी तुंबली. डोळे ठीक आहेत, पण डावीकडचं काही मेंदू ध्यानातच घेत नाही. घड्याळ काढायला लावलं, तर बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात. बाबांना त्यात काही चुकलंय असं वाटतच नाही. औषधं सुरू झालीत. पण सोमवारी सलून उघडणारच म्हणतात, ताईनं सांगितलंय ना. वस्तरा उशाखाली घेऊन बसलेत. ते फक्त तुमचं ऐकतात. काहीतरी लिहा.

आपली सूनबाई

११ मार्च

चि. बुटक्या, आशीर्वाद.

घाईत लिहितेय,
अक्षर लावून घे.
तुझी तीन पत्रं
ओळीनं मांडली.
दर पत्रात कोरी जागा
वाढत गेलीय.
जन्म शिवणकामात गेला,
सूतभर तिरकी शिवण
मला लांबून दिसते.
हे दिसलं नाही.
वर मीच तुला
वस्तरा धरायला लावला.
सलून उघड म्हणाले मी,
ते चुकले.
मी चुकले म्हणतेय,
हे जपून ठेव,
पुन्हा मिळायचं नाही.
वस्तरा सूनबाईला दे.
आत्ता. वाचता वाचता.
पान मधोमध दुमडून
उजवीकडेच लिहिलंय.
डावीकडे काही नाही.
या वेळी खरंच नाही.
सोमवारी येतेय.
दारात तुझ्या
उजव्या हाताला
उभी राहीन.

लोभ धर, हट्ट सोड.

तुझी ताई