शेपूट

आई, पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते.

आमच्या शिवणखात्यात कुणाची पाठ धरली की दुसरी तिच्या मशीनवर बसायची आणि तिला घड्या घालायला उभी करायची. ही पद्धत कुणी ठरवली नव्हती, इतक्या वर्षांत आपोआप रुजली होती. नव्या साहेबांनी ती बंद केली. म्हणाले, “माणसाचं शेपूट गळालं, तसंच हे. कामाचं तेवढंच टिकतं.” ऐकून किळस आली. त्यांचा मेहुणा सुपरवायझर म्हणून दिवसभर खुर्चीत घोरतो. आम्ही त्यालाच शेपूट म्हणतो. ते काही गळत नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? बाबा औषध घेतात ना?

माझी पाठ ठीक आहे. पत्र तेवढं उभ्यानं लिहितेय.

तुझीच,
धाकटी