उन्हाच्या नावावर

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघं धड आहोत, हातपाय जागच्या जागी आहेत आणि तुझे बाबा या क्षणी माझ्यासमोर दोन दुलया ओढून घोरत पडलेत. फोन असताना आई कागदावर का उतरली, असं तुला वाटेल. तुझा फोन आला की बाबा तो आधी स्पीकरवर टाकतात आणि तुझे मेसेज मला मोठ्यांदा वाचून दाखवणं हे तर त्यांचं आवडतं काम. आमच्या मोटरसायकल सहलीच्या ग्रुपमधले दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको उद्या सहल अर्ध्यावर टाकून घरी निघालेत. बाईंना घामोळ्यांनी इतकं बेजार केलंय की त्या आता मोटरसायकल हा शब्दसुद्धा ऐकून घेत नाहीत. हे पाकीट त्यांच्याबरोबर येईल. परवा फोनवर तू विचारलंस, बाबा असे तुटक का बोलतात, मधेच गप्प का होतात? मी म्हटलं, ऊन आहे गं. त्याचं नीट उत्तर तुला द्यायचंय. पण आधी उन्हाचं सांगते, कारण तेही खोटं नव्हतं.

असलं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं. पहाटे अंधारात निघायचं आणि ऊन चढलं की कुठेतरी आडोशाला थांबायचं, असा आमचा नेम. पहिल्याच दिवशी बाबांनी आपल्या सवयीप्रमाणे जॅकेटची चेन पोटापर्यंत खाली ओढली, जरा हवा लागू दे म्हणून. आमचा म्होरक्या अंगाने पैलवान आणि बोलायला एखाद्या नर्ससारखा मऊ. त्याने समजावलं की हवाच अंगापेक्षा गरम असेल तर ती लावून घेण्यात काही अर्थ नाही, चुलीपुढे बसून पंखा लावण्यातला प्रकार. आतला बनियन चिंब भिजवायचा, पिळायचा नाही, वरून जॅकेट गळ्यापर्यंत बंद करायचं आणि फक्त बाह्यांच्या तोंडातून हवा आत येऊ द्यायची. तेव्हापासून प्रत्येक पेट्रोल पंपावर मी बनियन भिजवत असते. परदेशात काय काय पाहिलंस, असं कोणी विचारलं तर मला मुख्यतः बेसिनं आठवतील. माझ्या जुन्या ओढणीचे दोन तुकडे केले, ते ओले करून गळ्याला गुंडाळतो. मीठ, साखर आणि लिंबू घातलेलं पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, ही माझी जबाबदारी. बाबा लहान मुलासारखे तोंड फिरवतात, पण पितात.

डांबर तर इतकं मऊ होतं की गाडी स्टँडवर लावली की स्टँड आत रुतायचा आणि गाडी हळूहळू कलंडायची. यावर तुझ्या बाबांनीच उपाय काढला. स्टीलच्या डब्याचं झाकण घेतलं, त्याला भोक पाडून दोरी बांधली आणि ती हँडलला अडकवली. गाडी थांबली की झाकण खाली सोडायचं, त्यावर स्टँड टेकवायचा आणि निघताना दोरीने वर ओढून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या हँडलला झाकणं लोंबायला लागली. बाबांची कॉलर ताठ. अर्ध्या गावाला गाडी शिकवली ती उगाच नाही, असं ते सामानाची गाडी घेऊन आमच्या मागून येणाऱ्या मेकॅनिकला ऐकवत होते. मला त्यांचा अभिमान वाटला आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं, जे मी सहसा करत नाही.

त्यानंतर चार दिवसांनी ते झाकण टाकायला विसरले. गाडी आडवी झाली, आरसा फुटला. झाकण हँडलला लटकत होतं आणि बाबा ते खिशात शोधत होते. मी म्हटलं, ऊन. मग एका गोल चौकात आम्ही फिरत राहिलो. इकडे गाड्या उजवीकडून चालतात, त्यामुळे सुरुवातीला सगळेच गडबडले होते. पण आमची फेरी काही संपेना. बाकीचे रस्त्याकडेला थांबून हसत होते. देखावा बघत होतो, असं बाबांनी सांगितलं आणि ते हसण्यावारी गेलं. मी मागे बसले होते, मला त्यांची पाठ दिसत होती. ती देखावा बघणाऱ्या माणसाची पाठ नव्हती. तरी मी त्यांच्या मानेवर गार पाणी ओतलं आणि स्वतःला सांगितलं की या उन्हात कोणाचंही डोकं चालायचं नाही.

तुला आमची थाप माहीत आहे. ड्रायव्हिंग स्कूलच्या दिवसांत बाबा मोटरसायकल शिकणाऱ्याच्या मागे बसायचे. नवशिक्याच्या कानाशी ओरडलं की तो बिथरतो, म्हणून त्यांनी ही भाषा काढली. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्या खांद्यावर म्हणजे उजवीकडे, पाठीवर अख्खा तळवा म्हणजे थांब. लग्नानंतर त्यांनी तीच मला शिकवली. मागच्या सीटवरून मी त्यांना आयुष्यभर अशीच वळवत आले आहे. भांडण झालं असलं तरी थाप चुकली नाही. एकदा तर तुझ्या शाळेवरून अबोला होता आणि मी थापा मारत त्यांना तुझ्या शाळेपर्यंत नेलं होतं. इथल्या उन्हात मी मारलेल्या दोन थापा वाया गेल्या. मी म्हटलं, जॅकेट जाड आहे.

परवा संध्याकाळी आम्ही डोंगरावर आलो. इथे उन्हाळा आहे हे कोणी सांगितलं तर खरं वाटू नये, इतका गारवा. सगळ्यांचे चेहरे एकदम माणसांत आले. मी मनातल्या मनात म्हटलं, चला, आता बाबाही ताळ्यावर येतील. मी त्या गारव्याची किती वाट पाहिली होती ते तुला सांगता येणार नाही. काल सकाळी सगळे वरचं तळं बघायला निघाले. जॅकेटं धुऊन वाळत घातली होती, म्हणून आम्ही दोघं साध्या स्वेटरवर. धुकं होतं, आम्ही सगळ्यात मागे. पुढची गाडी उजवीकडे वळलेली मी पाहिली आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर थाप मारली. स्वेटर पातळ होता, ठमे. थाप त्यांना चांगली लागली. त्यांनी व्यवस्थित सिग्नल दिला, गाडी कडेला घेतली, झाकण सोडून स्टँड लावला, सगळं अगदी पुस्तकात असावं तसं. मग मागे वळून माझ्याकडे बघत अदबीने विचारलं, "बोला ताई, कुठे उतरायचंय तुम्हाला?"

मी हेल्मेटची काच वर केली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले, मग म्हणाले, अगं, तू होय. आणि थोडं थांबून, त्या धुक्यात, माझे दात वाजत असताना म्हणाले, "ऊन फार आहे गं." मी स्वेटरचं वरचं बटण लावत म्हटलं, हो, फार आहे.

मला भीती वाटली. अजून वाटते. त्यांनाही वाटत असणार, नाहीतर ते ऊन मधे आलं नसतं. काल दुपारी मी म्होरक्याला एकट्याला गाठून खरं काय ते सांगितलं आणि बाकी सगळ्यांना सांगितलं की माझी कंबर धरली आहे, मला आता गाडीवर बसवणार नाही. बायकोला एकटीला सोडून पुढे जाणाऱ्यातले बाबा नव्हेत, हे मला ठाऊक होतं. त्यामुळे आमची मोटरसायकल सामानाच्या गाडीत चढली आणि आता पुढचा प्रवास आम्ही दोघं मेकॅनिकशेजारी बसून करणार. बाबा त्याला घाटात गिअर कसा बदलायचा ते शिकवणार आहेत म्हणे. म्हातारी झालीस, असं मला चिडवून झालंय. पण काल संध्याकाळी आणि आज सकाळी त्यांनी माझ्या कंबरेला इतकं मन लावून बाम चोळला की खोटं बोलल्याची मला लाज वाटली. तू आणि जावईबापूंनी हौसेने या सहलीला पाठवलंत, म्हणून हे झालं असं मनात आणू नकोस. ते इथे आल्यामुळे झालेलं नाही, इथे आल्यामुळे मला दिसलं. घरी मी ते आणखी दोन उन्हाळे उन्हाच्या नावावर टाकलं असतं.

तर आता काम. आम्ही आठवड्याभरात परत येऊ, तोवर मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेव. माझ्या नावाने घे, कंबरेची नस दबली आहे असं बाबांना सांगू. डॉक्टरांना मात्र आधी जाऊन सगळं खरं सांग. फोनवर यातलं काही विचारू नकोस, स्पीकर चालू असतो. विमानतळावर बाबा तुला डब्याच्या झाकणाची गोष्ट सांगतील. ती पहिल्यांदा ऐकतेस तशी ऐक आणि पुन्हा सांगितली तरी तशीच ऐक. त्याआधी माझ्या कंबरेची चौकशी कर, जरा जास्तच कर. त्यांच्यासमोर मला रागाव, या वयात कशाला बसायचं गाडीवर म्हणून. दवाखान्यात ते माझा हात धरून मला आत नेतील. आत गेल्यावर तपासायच्या खुर्चीत कोणी बसायचं ते मी बघते.

तुझीच,
कंबर अगदी ठणठणीत असलेली,
आई