स्कूटर कोणाची

आई, तुझी स्कूटर काल शाळेत गेली. ज्या शाळेच्या ऑफिसात तू सगळी नोकरी काढलीस, त्याच शाळेत. बाबाही तिथेच शिकले, आणि लढाईत कामी आलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी शाळेने आता एक दालन केलंय. त्यासाठीच महिन्यापूर्वी शाळेचे तरुण सेक्रेटरी कोथरूडला घरी आले होते. पार्किंगमध्ये ताडपत्रीखालची गाडी बघून ते हरखूनच गेले. म्हणाले, "काकू, ही आम्हाला द्या. काचेत ठेवू. बोर्डसुद्धा सुचला, 'वीर जवानाची स्कूटर'." मी म्हटलं, "आधी चहा घ्या. वीर जवान या स्कूटरवर एकदाही बसलेले नाहीत."

मग त्यांना सगळं सांगितलं, कारण तू स्वतः ते कधी कोणाला सांगत बसली नाहीस. त्या काळी स्कूटर दुकानात जाऊन आणता येत नसे. नाव नोंदवायचं आणि नंबर लागायची वाट बघायची. बाबांनी लग्नानंतर नाव नोंदवलं, आणि एकाहत्तरच्या लढाईत ते गेले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, मी तिसरी-चौथीत असताना, त्यांच्या नावाने कार्ड आलं की तुमचा नंबर लागला आहे. घरात पुन्हा रडारड. सगळ्यांचं म्हणणं पडलं की कोणाला तरी देऊन टाक, घेणारे रांगेत उभे आहेत. तू पोळ्या लाटत होतीस. लाटणं न थांबवता म्हणालीस, "गाडी त्यांनी घरासाठी सांगितली होती. घर आहे ना अजून?"

अजून डोळ्यांसमोर आहे. कोथरूडला तेव्हा घरांपेक्षा मोकळी रानंच जास्त. भल्या सकाळी तू पदर खोचून स्कूटरवर बसली आहेस, काका कॉलेज बुडवून मागे धावतोय आणि ओरडतोय, "वहिनी, क्लच! क्लच!" तू पडतेस. कोपर फुटतं. घरी आल्यावर आजी हळद लावतात आणि म्हणतात, "पडायचंच असेल तर पलीकडच्या गल्लीत पडत जा. इथे सगळे ओळखीचे आहेत." तुझ्या सासूबाईंची माया अशीच होती, तिरकी. पण शेजारच्या बाईंनी "नवरा नसलेल्या बाईला हे शोभतं का" असं विचारलं, तेव्हा आजींनीच त्यांना गप्प केलं. "तुमच्या सुनेला येते का चालवायला? नाही ना? मग शोभायचा प्रश्न तुमच्याकडे येतच नाही." पुढे दर चतुर्थीला त्या तुझ्या मागे बसून बुधवार पेठेत गणपतीला जायच्या, दोन्ही हातांनी तुला घट्ट धरून, आणि वाटभर "हळू, हळू" म्हणत. त्याच स्कूटरवरून तू काकाच्या फीपासून आत्याच्या लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळं ओढलंस.

आणि गल्लीचंही. रिक्षा मिळायची मारामार, त्यामुळे कोणाचं काही दुखलंखुपलं की आपल्या दाराची कडी वाजायची. ती पंधरा ऑगस्टची सकाळ तर मी कधीच विसरणार नाही. शाळेच्या पटांगणात तुझा सत्कार होता. पाहुण्यांनी तुला शाल-श्रीफळ दिलं आणि मग माइक काही सोडेनात. "या अबलेचे अश्रू", "ही बिचारी माउली", चालूच. तेवढ्यात गल्लीतल्या एका शेजारणीची जाऊ धावत आली. सत्कार बघायला आलेल्या शेजारणीला फाटकाशीच कळा सुरू झाल्या होत्या. तू उठलीस, नारळ माझ्या हातात दिलास, आणि पाहुण्यांना म्हणालीस, "आपलं चालू द्या. मला जरा दवाखान्यात जायचंय." स्कूटर एका बाजूला आडवी केलीस, सरळ केलीस, किक मारलीस. तू पुढे, शेजारीण मध्ये, तिला धरून तिची जाऊ मागे, आणि तुझी सत्काराची नवी कोरी शाल शेजारणीच्या अंगाभोवती. पाहुणे अजून तुझ्या अश्रूंविषयीच बोलत होते. मी नारळ घेऊन रिकाम्या खुर्चीशेजारी उभी होते आणि इतकी ताठ उभी होते की मान दुखायला लागली.

संध्याकाळी मात्र मी तुझी बोलणी खाल्ली. वर्गातल्या मुलींनी मला "बिचारी" म्हटलं आणि त्यांच्या डब्यातला लाडू दिला, हे मी तुला खुशीत सांगितलं होतं. "लाडू मैत्रीण म्हणून दिला तर खा. बिचारी म्हणून दिला तर परत कर," म्हणालीस. मला ते तेव्हा फार कडक वाटलं. मग रविवारी तू मला वारज्याला नेलंस. वारजे तेव्हा खेडंच होतं. तिथल्या एका बाईंचा नवराही लढाईत गेला होता, आणि त्यांचं पेन्शन अडकलं होतं म्हणून तू त्यांना कचेरीत घेऊन जायचीस. त्या दिवशी त्या स्कूटरला हात लावून म्हणाल्या, "ताई, मला जमंल का वं? मला लिवता-वाचता येत न्हाई." तू म्हणालीस, "गाडीला तरी कुठे येतं?" त्यांनी पहिल्याच फेरीत गाडी बाभळीवर घातली. मडगार्डला तेव्हा पडलेला पोचा तू कधी काढून घेतला नाहीस.

हे सगळं ऐकूनही सेक्रेटरी अडलेच. "काकू, दालन जवानांचं आहे हो." मी म्हटलं, "मग राहू दे. ताडपत्री चांगली आहे." ते गेल्यावर मला संताप आवरेना. बाबांचा मान मला कमी करायचा नव्हता. तो त्यांनी प्राण देऊन मिळवला. पण तू एवढी वर्षं संसार आणि गल्ली अंगावर घेतलीस, आणि तुझ्याच गाडीच्या पाटीवर तुझं नाव नसावं? ते मी होऊ देणार नव्हते, मग गाडी तिथेच गंजली तरी चालेल.

आठ-पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "काकू, आईला सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, 'ती तर ऑफिसातल्या बाईंची स्कूटर, जवानाची कधी झाली? मी त्याच गाडीवर चालवायला शिकले.' बोर्डवर काय लिहायचं ते आता तुम्हीच सांगा." मी दोन फोटो दिले, एकाच मापाचे. बाबांच्या फोटोखाली लिहिलंय, "गाडी नोंदवली यांनी." तुझ्या फोटोखाली, "चालवली यांनी." दोघांची नावं पूर्ण. वीरपत्नी नाही, माउली नाही. पोचा तसाच ठेवायला लावला.

तुझा अभिमान वाटतो, असं तू होतीस तोवर तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्या घरात तशी पद्धतच नव्हती. हे पत्रही कुठे टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तू निम्म्या कोथरूडला गाडी शिकवलीस आणि तुझ्या मुलीला साठी उलटली तरी ती येत नाही. लोकांना मी सांगते, पुण्याच्या ट्रॅफिकची भीती वाटते. भीती कसली? शिकले असते तर तुझ्या मागची जागा सोडून पुढे बसावं लागलं असतं. काल सगळे चहाला गेले, काच अजून लागायची होती. मी हळूच स्कूटरवर बसले. मागच्या सीटवर.