न चिरलेली मुशी आणि टाकीघरामागची खोली

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
सागरी मत्स्य संग्रहालय.

विषय : टाकीघराची देखभाल करणाऱ्या काकांची खोली तात्काळ उघडून पाहण्याबाबत.
संदर्भ : आवक लिपिकांची आजची तोंडी सूचना, "लेखी द्या, कारण सविस्तर."

महोदय,

१. गेल्या वर्षी खोल पाण्यातली मेलेली मुशी (लहान शार्क) जतनासाठी संग्रहालयात आली, तेव्हा काकांनी बजावले होते, "ताई, हिचं पोट चिरून आत फॉर्मॅलिन भरा. नाहीतर वरून टवटवीत राहील अन् आतून सडेल." अर्जदार प्रयोगशाळा सहायक असून प्राणिशास्त्राची पदवीधर आहे, त्यामुळे हे तिला ठाऊक नव्हते असे नाही. परंतु मुशी गाभण होती आणि अर्जदारालाही सातवा महिना होता. सुरी लावायला मन धजेना. "राहू द्या हो काका," म्हणून तिने नोंदवहीत सही ठोकली.

२. ही जात शेकडो मीटर खाली, काळोखात राहते. दोन-दोन वर्षे गर्भ वागवते आणि बहुधा एकच पिल्लू देते. तिचे यकृत अवाढव्य, तेलाने ठासलेले. त्याच्याच जोरावर ती पाण्यात तरंगते. तेच यकृत टाकीत कुजले. प्रसूती रजेवरून परतलेल्या अर्जदाराला काचेमागे पिवळ्या तेलाची साय, दुधाळलेले हिरवे डोळे आणि फाटलेल्या पोटातून निघणारे बुडबुडे दिसले. तो वास केसांत बसतो. घरी बाळ दुधाला येते आणि तोंड फिरवते.

३. याबाबत कार्यालयाला तीनदा कळवले. प्रथम गुलाबाच्या वासाचा फवारा मिळाला. तेव्हापासून गुलाबाचा वासही सडल्यासारखा येतो. नंतर काचेला पडदा मिळाला. शेवटी उत्तर आले, की नमुना सुस्थितीत आहे, तथापि सोमवारच्या तपासणीपूर्वी टाकी उपसावी.

४. शनिवारी काकांनी ती एकट्याने उपसली, तोंडाला फडके बांधून. अर्जदार मदतीला निघाली होती, तर फोनवर म्हणाले, "तुम्ही अंगावर पाजता, या घाणीत पाऊल टाकू नका." संध्याकाळी पुन्हा फोन आला : "पिल्लू अख्खं निघालं. एकच. बरणीत ठेवलंय." पुढचे खोकल्यात बुडाले. त्यानंतर फोन बंद आहे.

५. आज सकाळी तपासणी झाली. शेरा 'उत्तम'. काका हजेरीला नाहीत. अर्जदाराने बाळ कडेवर घेऊन टाकीघरामागच्या त्यांच्या राहत्या खोलीचे दार बडवले. आतून कडी आहे, हूं की चूं नाही. लिपिक म्हणतात, कार्यालयाची खोली अर्जाशिवाय उघडता येत नाही.

चूक अर्जदाराची आहे. होईल ती कारवाई मान्य राहील. पण साहेब, हा कागद आवक वहीत चढण्याआधी कोणाला तरी त्या दाराशी पाठवा.

आपली नम्र,
(सही)
प्रयोगशाळा सहायक
(आवक खिडकीसमोरच उभी आहे)

सोमवार, सकाळी ११.४०

सोबत : नोंदवहीतील त्या पानाची प्रत. इशारा काकांचा, खालची सही माझी.