आखणीच्या वेळचा रेडिओ

बाबा, मी हल्ली रोज एका बाईला बघते. ती कुठल्या तरी थंड देशातली आहे, वयाने माझ्याएवढी असेल. भट्टीत पाव भाजते, कोबी चिरते, कोंबड्यांना हाका मारते आणि सारखी बोलत असते. तिचं एक अक्षर मला कळत नाही. दुपारी जेवण उरकलं की टीव्हीवर तिला लावते आणि भाजी निवडत बसते. रोह्याच्या या घरात आता मी एकटीच असते. तुमचे जावई जाऊन दीड वर्ष झालं. लेक पुण्याला असते, संध्याकाळी फोन करून विचारते, आई, आज काय बघितलंस. मी सांगते, भजनं ऐकली. कारण मागे आली होती तेव्हा तिने हौसेने माझ्यासाठी भजनं, कीर्तनं शोधून टीव्हीत लावून ठेवली आणि रिमोटचं कुठलं बटण दाबायचं ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. परवा रविवारी ती न कळवता आली. तिच्या चपला दारात वाजल्या तसा मी त्या बाईचा आवाज बारीक केला. बोट बटणावर होतं तेव्हाच तुम्ही आठवलात. तुम्हीही माझी चाहूल लागली की असंच करायचात.

पेणच्या कारखान्यात तुम्ही गणपतीचे डोळे आखायचात. श्रावण लागला की घरी जेवायला यायला सवड नसायची, म्हणून शाळा सुटली की मी डबा घेऊन यायचे. पुढच्या मोठ्या खोलीत अंगाचा रंग मारणारे असायचे. त्यांना सिनेमाची गाणी लागायची, रुंद ब्रश गाण्याबरोबर खालीवर चालायचा. मूर्ती घासणाऱ्या बायकांना रेडिओवरची दुपारची नाटिका हवी असायची, त्यातल्या सासूला त्या तिथूनच शिव्या घालायच्या. त्यावरून दोन्हीकडच्यांची रोज भांडणं. तुम्ही मात्र मागच्या पडवीत गोणपाटाच्या पडद्याआड, मांडीवर पाट घेऊन बसलेले असायचात आणि शेजारी तुमचा तो हाताएवढा रेडिओ. त्याचा काटा पार टोकाला असायचा. खरखरीतून कुणीतरी माणूस बोलत असायचा, कन्नड म्हणावं तर कन्नड नाही, कुठली भाषा ते आजपर्यंत मला कळलेलं नाही. रंगवाले काका मला बघून म्हणायचे, "जा गो बाय, तुझ्या बापाकडं पावणे आलेत, बोलतायत काय ते इचार."

एकदा मी खरंच विचारलं, तुम्हाला हे कळतं का. तुम्ही बुबुळ भरत होतात. ते पूर्ण झाल्यावर ब्रश पाण्यात टाकलात आणि म्हणालात, "नाय गो. कळत नाय म्हणून तर लावतो. कळलं का मन त्याच्यामागं जातं, नि डोळा फिरतो." मग तुम्ही माझी चेष्टा करताय असं मला वाटू नये म्हणून की काय, एक बिघडलेली छोटी मूर्ती दाखवलीत. तिचा डावा डोळा जरा बाहेर बघत होता. त्या वेळी रेडिओवर ओळखीचं गाणं लागलं होतं, एवढंच म्हणालात. ते उत्तर मी पुरं मानलं. कामाचं कारण होतं, कामापुरतं पटलं.

शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून मी तुमच्यासाठी टेपरेकॉर्डर आणला, भजनांच्या चार कॅसेटसह. तिथल्या ऑफिसातल्या बाईंना विचारून निवडल्या होत्या, त्यांचे वडील तेच ऐकत. तुम्ही एक कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐकलीत आणि म्हणालात, चांगलं हाय, पण ह्यात पुढं काय येणार ते मला ठाव हाय. दुसऱ्या दिवशी टेपरेकॉर्डरवर टॉवेल होता आणि ती खरखर पुन्हा सुरू. मला फार लागलं. मी म्हणाले, "लोकांचे वडील देवाचं ऐकतात. तुम्ही देवाचे डोळे काढता आणि ऐकता काय, तर खरखर. वेड लागल्यासारखं." तुम्ही हात लांब करून आवाज कमी केलात, इतका की कान लावल्याशिवाय ऐकू येऊ नये. त्यानंतर मी कधीही आले तरी माझ्या पावलांबरोबर तो कमी व्हायचा.

आता मी एकटी बसते तेव्हा एक गोष्ट ध्यानात येते, जी तेव्हा समोर असून दिसली नाही. आई होती तोवर तुम्ही पडवीत बसतच नव्हतात. पुढच्या खोलीत सगळ्यांत बसून आखणी करायचात, गाणी चालू असायची, आणि एकाही गणपतीचा डोळा फिरल्याचं मला आठवत नाही. मी आठवीत असताना आई गेली, त्यानंतर तो गोणपाटाचा पडदा आला. मालिका लावली की त्यातली नवराबायको बोलतात आणि मी मनातल्या मनात तुमच्या जावयांना काहीतरी सांगायला जाते. जुनी गाणी तर नकोतच. बातम्यांनी छातीत धडधडतं. लोक म्हणतात आपल्याला आवडतं ते आपण बघतो. मला वाटतं, जे सोसतं ते बघतो. ती बाई माझ्याकडून काही मागत नाही, कशाची आठवण करून देत नाही, आणि घरात माणसाचा आवाज राहतो. तुमच्या रेडिओतल्या त्या माणसानेही तेच केलं असेल. कामाचं कारण खोटं नव्हतं. पण तुम्ही मला अर्धंच सांगितलंत आणि मी अर्ध्यावरच तुम्हाला वेडं म्हणाले.

शेवटच्या आठवड्यात मी रजा काढून पेणला आले होते. आत्या रात्रंदिवस तुमच्याजवळ होती. बघायला माणसं येत होती, कारखान्यातले, आळीतले, माझ्या सासरचे. मी टेपरेकॉर्डर पुसून तुमच्या उशाशी ठेवला आणि भजनं लावली. येणारे म्हणायचे, बरं केलंस बाय, देवाचं नाव कानावर पडतंय. तुमची वाचा गेली होती, पण बोटं शाबूत होती. तुम्ही माझ्याकडे बघून अंगठा आणि पहिलं बोट जुळवलंत आणि काटा फिरवतात तसं हवेत फिरवलंत. तीनदा. आत्याला वाटलं पाणी हवंय, तिने चमचा लावला. मला कळलं होतं. मी म्हणाले, सेल संपलेत बाबा. तुम्ही मान हलवलीत आणि हात पांघरुणात घेतलात. मग चार दिवस तुम्ही भजनं ऐकलीत, पुढे काय येणार ते माहीत असलेली.

लेकीला मी त्या बाईबद्दल सांगेन, या फोनला नाही तर पुढच्या. हा कागद मात्र तिला दाखवायचा नाही, कुणालाच नाही. रेडिओ माझ्याकडे आहे, त्याच्याखाली ठेवून देईन.

सेल संपले नव्हते, बाबा. सासरची माणसं यायच्या आधी, ती काय म्हणतील म्हणून, त्या सकाळी मीच ते काढून पर्समध्ये टाकले होते. तुमचे दिवस झाल्यावर रोह्याला परतताना कासू स्टेशन गेलं, मी तपासनिसाला तिकीट दाखवायला पर्स उघडली, तर हाताला तेच दोन लागले. त्यातला एक मी इथल्या भिंतीवरच्या घड्याळात घातला. पुढच्या गणपतीपर्यंत चालला.