लाडवांचा तिसरा डबा

प्रिय आई,

राजापूरहून तू पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा तिसरा डबा मिळाला. फोनवर तू "खातेस ना गो?" विचारतेस, मी "संपले" म्हणते, आणि तू पुन्हा खारीक कुटायला बसतेस. खरं तर पहिला डबाही अजून भरलेलाच आहे.

आरोहीने बाळसं धरलंय. येणारे तेवढंच बघून जातात. माझ्या मात्र घशाखाली घास उतरत नाही. ती रडली की उठावंसंच वाटत नाही, आणि मग त्याचीच भीती वाटते. हा नुसता अशक्तपणा आहे की आणखी काही? लाडवांनी जाईल की डॉक्टरांना सांगावं लागेल? मला खरंच कळत नाही.

गंमत बघ. सातव्या महिन्यात मीच गोडदेवच्या महिला मंडळात टेबलावर मूठ आपटून म्हणाले होते, "बाळंतिणीचं ताट हा उपकार नाही, हक्क आहे! आणि तिचं मन रडत असेल, तर ते नखरे नाहीत!" केवढ्या टाळ्या पडल्या. काल तुझा जावई स्वप्नील म्हणाला, "जगाला समजावतेस, मग स्वतःला समजाव की." मी ते भाषण आठवून पाहिलं. शब्द सगळे खरे होते, पण बोलणारी बाई ओळखीची वाटेना.

हे पत्र मी टाकणार नाही. वाचून तू चौथा डबा करायला घेशील. उद्या "खातेस ना गो?" विचारशील, तेव्हा "नाही आई, तू ये" एवढंच म्हणायचंय. कुठल्याही भाषणाची मी इतकी तयारी केली नव्हती.

तुझी,
क्षितिजा