तिसऱ्या क्रमांकावरचं नागपूर

बाबा, तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. माझी जुळी तेव्हा दोन वर्षांची होती, तुमच्या धोतराला धरून उभी राहायची. आता अठराची झालीत. जवाहरनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आता चार मोठी माणसं राहतात असंच म्हणायला हवं, कारण मुलगा दारातून वाकून आत येतो आणि मुलीची चप्पल मला मोठी होते. महिन्याभरात दोघंही कॉलेजसाठी बाहेर पडतील. तोवर घर त्यांचंच आहे. सकाळी ह्यांची फॅक्टरीची बस जाते, मागोमाग मी शाळेच्या ऑफिसला निघते, तेव्हा दोघं झोपलेली असतात. परत येते तेव्हा एक ओला टॉवेल पलंगावर, दुसरा खुर्चीवर. मुलगा शेजारच्या खोलीतून मला मोबाइलवर मेसेज पाठवतो, 'भूक लागली.' उठून जाऊन विचारलं, तुला तोंड नाही का, तर म्हणतो, "तू कामात असशीन म्हून." मुलगी दार लावून बसते, सगळ्याला 'हं' म्हणते, आणि मी तांदूळ निवडत असले की अचानक येऊन मांडीवर डोकं ठेवते. मी तांदूळ निवडत राहते. बोललं की ती उठून जाते, हे मला आता कळलं आहे.

माझ्या वेळचा दिवस आठवतो. आपल्या अड्याळच्या शेतात भाताचा रोवणा चालू आहे, बायका बांधीत ओळीनं वाकल्या आहेत, तुम्ही लावायच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकताय, आणि मी नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म घेऊन शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी आहे. तुमची सही हवी होती. तुम्ही हात धोतराला पुसलेत आणि सगळ्या बायकांसमोर म्हणालात, "तू गेली तं मले करमणार नाही वो. पण जाय. आन तो फारम इकडं." एक बाई हसली, एकीनं पदर डोळ्यांना लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "जाऊ देता तं जाऊ द्या, रडवता कायले?" असं मी तुमच्यावर ओरडले. तुम्ही शांतपणे म्हणालात, "रडवत नाही. सांगून राहिलो." होस्टेलात पहिलं वर्षभर जेवायला बसले की ते वाक्य ताटात यायचं. तेव्हाच ठरवलं, आपल्या मुलांच्या गळ्यात असलं ओझं कधी अडकवायचं नाही. आणि बाबा, मी ते पाळलं. "जिथं बरं वाटेल तिथं जा," हे मी इतक्या कोऱ्या चेहऱ्यानं म्हणते की शेजारीण मला दगडाच्या काळजाची म्हणते.

माझी नोकरीच फॉर्म भरण्याची आहे. बारावीची मुलं आणि त्यांचे आईबाप माझ्या टेबलाशी येतात. कॉलेजांचा पसंतीक्रम भरताना वडील मुलाच्या खांद्यावरून बोट पुढे करतात, तेव्हा मी सांगते, "काका, पसंती पोराची आहे, तुमची नाही." दरवर्षी सांगते. घरच्या दोघांत मुलाचा प्रश्न नव्हता, त्यानं नागपूर पहिलं टाकलं होतं. दर शनिवारी मळके कपडे घेऊन तो घरी येणार हे मला आत्ताच दिसतं. मुलीनं पहिलं पुणे, दुसरंही पुण्यातलंच कॉलेज, आणि तिसरं नागपूर टाकलं. फॉर्म लॅपटॉपवर सेव्ह करून ठेवला, रविवारी ह्यांना सुट्टी असते, तेव्हा ह्यांच्यासमोर लॉक करू म्हणाली, आणि गुरुवारी दोघं झेरॉक्स काढायला भंडाऱ्याला गेली. पासवर्ड मला माहीत होता. नावाचं स्पेलिंग तपासावं म्हणून मी फॉर्म उघडला. नागपूरसमोरचा वर जायचा बाण दोनदा दाबला. नागपूर पहिलं झालं. सेव्ह केलं आणि कुकर लावायला गेले. वरणाला फोडणीसुद्धा चांगली बसली.

शुक्रवारी संध्याकाळी मुलीनं लॅपटॉप उघडला. मी लसूण सोलत होते, मुलगा पोहे खात होता.

"आई, नागपूर वर कसं काय गेलं?"

"तूच केलं असशीन, अर्ध्या झोपेत," मुलगा म्हणाला.

तिनं स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. रागानं नाही. माझ्या टेबलाशी बोट पुढे करणाऱ्या एखाद्या काकांकडे मी जशी बघते, तशी. मग म्हणाली, "हो, माह्याच हातानं झालं असन." आणि खालचा बाण दोनदा दाबून नागपूर परत तिसरं केलं. तेवढ्यात खरं सांगून टाकायला जागा होती. मी काय म्हणाले असेन? "नीट पाहत जाय. एकदा लॉक झालं का मंग बदलत नाही." ऑफिसच्या आवाजात.

मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही. भावासमोर तिनं मला उघडं पाडलं नाही, एवढी ती मोठी झाली आहे आणि मी तिचं मोठेपण नुसतं चपलेच्या मापावर मोजत होते. तुम्ही एका वाक्यात मोकळे झालात आणि मलाही मोकळं सोडलंत. मी अठरा वर्षं समजूतदार राहिले आणि शेवटी चोरी केली. हे तिच्याशी बोलायचं, तर तुम्हाला लिहीत बसले आहे. ही पानं शाळेच्या कपाटात जुन्या फॉर्मच्या गठ्ठ्यात जातील, तिथं कुणी हात घालत नाही.

आज शनिवार, शाळा अर्धीच होती. दुपारी घरी आले तर दोघं मित्रांकडे गेलेली. लॅपटॉप टेबलावर होता. क्रम नीट आहे ना, एवढंच बघायचं असं मनाशी म्हणत मी उघडला आणि पासवर्ड टाकला. चुकीचा आहे, असं लाल अक्षरांत आलं. तिनं बदलला होता. मला काही न बोलता, न विचारता. बरंच केलं तिनं. लॅपटॉप तिथंच मिटायला हवा होता. पण बाबा, मी तिची जन्मतारीख टाकून पाहिली. मग माझी.